शॅल, विल आणि दंडाचा एक रुपया

सर इंग्रजीचे. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलातून निवृत्त झाले आणि आता मुलाजवळ पुण्यात राहतात. रेन आणि मार्टिनचं व्याकरण त्यांना पाठ आहे, आणि ते पाठ आहे हे समोरच्याला दोन मिनिटांत कळतं. वकीलबाई त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, भाडेकरार हा त्यांचा रोजचा व्यवसाय. सरांनी आपला रिकामा फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायचं ठरवलं, मसुदा हौसेने स्वतःच इंग्रजीत लिहिला आणि नजरेखालून घालायला बाईंकडे दिला. बाईंनी त्यातल्या बहुतेक सगळ्या 'शॅल'वर तांबडी रेघ ओढली. पुढचा वाद त्या रेघांचा. मी शेजारी म्हणून तिथे होतो आणि चहाच्या निमित्ताने बराच वेळ तिथेच राहिलो.

सर : अगं, आयुष्यभर तुमच्या वह्यांवर रेघा मी मारल्या, आता माझ्या कागदावर तू मारतेस, त्याचं काही नाही. पण चूक दाखव. 'द लायसन्सी शॅल पे'. तृतीय पुरुष, पुढे शॅल, म्हणजे बंधन. भाडं द्यायलाच पाहिजे. नियमाला धरून आहे की नाही?

वकीलबाई : आहे सर. ते वाक्य मी ठेवलंही असतं. पण त्याच्या खालचं वाचा. 'धिस अॅग्रीमेंट शॅल कमेन्स'. करार अमुक तारखेला सुरू होईल. इथे बंधन कुणावर, करारावर? त्याच्याखाली 'द लायसन्सर शॅल बी एन्टायटल्ड'. मालकाला हक्क असेल. हक्क असण्याचीही सक्ती? एकाच पानावर तुमचा शॅल कुठे हुकूम देतो, कुठे तारीख सांगतो आणि कुठे नुसताच भारदस्त दिसायला बसलाय. उद्या भांडण झालं तर समोरचा वकील याच फटीत बोट घालणार.

सर : भारदस्त दिसणं हा गुन्हा नाही.

वकीलबाई : कोर्टात असतो.

सर : बरं. मग आधी त्या दोन क्रियापदांची कुळकथा ऐक, म्हणजे रेघ कुणावर मारलीस ते तरी कळेल. इंग्रजीला स्वतःचा भविष्यकाळ नाही. आपण 'जा'ला प्रत्यय लावतो, 'जाईन' तयार. इंग्रजीकडे तसा प्रत्ययच नाही. मग तिने दोन जुनी क्रियापदं कामाला लावली. शॅलचा मूळ अर्थ देणं लागणं, ऋण असणं. विलचा मूळ अर्थ इच्छा असणं. जर्मनमध्ये झोलेन आणि वोलेन ही त्यांचीच भावंडं, आणि ती अजून मूळचंच काम करतात. मृत्युपत्राला इंग्रजीत विल म्हणतात. आपण इच्छापत्र म्हणतो ते अगदी मुळावर बोट ठेवून. तर 'मी जाणं लागतो' आणि 'मला जायची इच्छा आहे' या दोन वाक्यांच्या जिवावर इंग्रजीचा भविष्यकाळ चालला आहे.

वकीलबाई : इथवर मान्य.

सर : आता नियम. स्वतःविषयी बोलताना साधं भाकीत करायचं तर शॅल आणि निश्चय किंवा वचन द्यायचं तर विल. दुसऱ्याविषयी बोलताना नेमकं उलट. साधं भाकीत विलने, आणि शॅल म्हटलं की त्यामागे बोलणाऱ्याचा हुकूम किंवा शब्द आला. परी सिंड्रेलाला सांगते, 'यू शॅल गो टु द बॉल.' नाचायला जायचंय सिंड्रेलाने, पण शब्द आहे परीचा. तिथे 'यू विल गो' म्हटलं तर परीची जादू गेली, उरला नुसता अंदाज. चर्चमधल्या लग्नात वधूवरांना स्वीकार विचारला की ते 'आय विल' म्हणतात. 'आय शॅल' म्हटलं तर 'होईल बहुधा' असा सूर लागेल. या वाक्यामागे कुणाची मर्जी उभी आहे, हे एका अक्षरात सांगणारी सोय आहे ही. अशी सोय तू खोडतेस.

(इथे सरांनी बुडणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितलीच. इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाला ती सांगावी लागते, तसा दंडक असावा. कुणी आयरिश म्हणतो, कुणी फ्रेंच, पण पाण्यात पडलेला कुणीतरी परका ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' आणि काठावरचे इंग्रज नियम पाळून त्याला बुडू देतात, कारण त्याने म्हटलेलं असतं की मी बुडणारच, आणि खबरदार कुणी वाचवलं तर.)

वकीलबाई : ती गोष्ट तुम्ही आम्हाला आठवीत सांगितली होती आणि आम्ही हसलो होतो. आता मला ती गोष्ट काठावरच्या लोकांविषयीची वाटते. सर, हा नियम केला कुणी ते सांगा ना.

सर : जॉन वॉलिसने. १६५३ साली.

वकीलबाई : म्हणजे गणितज्ञ. अनंताचं ते आडवं आठासारखं चिन्ह पहिल्यांदा छापणारा. इंग्रजीचं व्याकरण त्याने लिहिलं लॅटिनमध्ये, परदेशी लोकांना इंग्रजी शिकता यावी म्हणून. इंग्रज घरात कसं बोलतात याची मोजदाद त्याने केली नव्हती. ती पुढे केली अमेरिकेत चार्ल्स फ्राइजने. १९२५ साली त्याने इंग्लिश आणि अमेरिकन नाटकांतले संवाद चाळून शॅल-विल मोजले, आणि पुस्तकी नियम काही तिथे नांदत नव्हता. स्कॉटलंड आणि आयर्लंडने तो कधी मनावर घेतला नाही, अमेरिकेने तर नाहीच. आणि तुमचे लाडके फाउलर बंधू?

सर : त्यांचं काय?

वकीलबाई : १९०६ च्या 'द किंग्ज इंग्लिश'मध्ये त्यांनी पानंच्या पानं शॅल-विलला दिली, आणि सुरुवातीलाच कबूल केलं की दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्याला हे आपोआप येतं आणि बाकीच्यांना शिकून येणं जवळजवळ अशक्य. मग माण-खटावच्या पोरांनी काय पाप केलं होतं? शिवाय तोंडी बोलताना सगळेच 'आय'ल' म्हणतात. त्यात शॅल आहे की विल, हे कोण सांगणार?

सर : पोरांना नियम लागतोच. रेनने नियम दिला. रेन आपल्याच मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातला माणूस, पुढे 'बो जेस्ट' कादंबरी लिहून गाजला. इथल्या मुलांना काय जड जातं ते त्याला ठाऊक होतं. घरात इंग्रजी ऐकू येत नाही, त्या पोराला 'कानाला बरं वाटेल ते लिही' असं सांगून भागत नाही. ज्याच्या घरी ती भाषा आहे त्यानेच नियमाला नावं ठेवावीत, त्याला ते परवडतं.

वकीलबाई : हे मात्र खरं आहे.

सर : आणि ऐक, नियम मोडणारेही त्या शब्दाचं वजन जाणून मोडतात. जून १९४० मध्ये चर्चिल पार्लमेंटात उभा राहिला आणि आम्ही लढू, आम्ही शरण जाणार नाही, असं सांगताना प्रत्येक वेळी शॅल म्हणाला. माझ्या नियमाने निश्चयाला विल पाहिजे. पण विल म्हटलं असतं तर ती चर्चिलची इच्छा झाली असती. शॅल म्हटल्यावर ते ठरलेलं, टळणार नाही असं झालं. मॅकआर्थर फिलिपिन्स सोडून १९४२ साली ऑस्ट्रेलियात पोचला, तोही 'आय शॅल रिटर्न' म्हणाला, अमेरिकन असून. जुनं देणं आहे ना त्या शब्दात, ते अशा वेळी वर येतं.

मला हे पटलं, आणि बाईंनाही पटलं असावं, कारण त्या काही बोलल्या नाहीत. सरांनी ती संधी साधली.

सर : आता तुला एक शॅल दाखवतो, त्यावर रेघ मारून दाखव. 'शॅल आय ओपन द विंडो?' खिडकी उघडू का? समोरच्याची इच्छा विचारली. आता शॅल काढ. 'विल आय ओपन द विंडो?' मी खिडकी उघडीन का? हा प्रश्न ज्योतिषाला विचारायचा.

वकीलबाई : आयर्लंडमध्ये सर्रास विचारतात आणि खिडकी उघडतात.

सर : आपल्याला आयर्लंडात राहायचं नाही.

वकीलबाई : बरं, प्रश्नातला शॅल तुमचा. 'शॅल वी?' तोही घ्या. बोलण्यातल्या शॅलशी माझं भांडण नाहीच. पण गंमत बघा, मराठीत हे काम भविष्यकाळ करतच नाही. 'उघडू का', 'जाऊ या' ही वेगळीच रूपं आहेत. आणि भविष्यासाठी आपल्याकडेही दोन आहेतच. 'मी येईन' आणि 'मी येणार'.

सर : वा! आता वर्गात आलीस. 'येईन' म्हणजे शब्द दिला, पण जरा वाट मोकळी ठेवून. 'येणार' म्हणजे ठरलं. 'पाऊस पडेल' म्हणणारा आकाशाकडे बघतो, 'पाऊस पडणार' म्हणणारा छत्री घेतो.

(आणि प्लंबर 'उद्या येतो' म्हणतो. वर्तमानकाळात. महाराष्ट्रात न पाळायची आश्वासनं बहुतकरून वर्तमानकाळात दिली जातात, असं माझं निरीक्षण आहे. दोघांनीही ते कानाआड केलं.)

वकीलबाई : आणि दस्तात पक्षकारांना आम्ही 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' म्हणतो. तिथे 'णार' असून भविष्यकाळ नाही, तो माणूस आहे! पण सर, खरी अडचण इथेच सुरू होते. इंग्रजी कायद्यातला शॅल आपण मराठीत आणतो तो 'करील' म्हणून. मे आला की 'करता येईल'. अधिकृत मराठी कायद्यांत हाच शिरस्ता आहे. आता 'भाडेकरू भाडे देईल' हे वाक्य एखाद्या घरमालकाला वाचून दाखवा. तो म्हणतो, देईल हो, पण कधी? त्याला त्यात हुकूम ऐकूच येत नाही, नुसती आशा ऐकू येते. म्हणून माझ्या मराठी मसुद्यात मी 'देणे बंधनकारक राहील' असं लिहिते. वाक्य ओबडधोबड होतं, पण घरमालकाला आणि भाडेकरूला एकच अर्थ कळतो.

सर : पण इंग्रजीत शॅल म्हणजे बंधन हे कोर्टाला कळतं ना?

वकीलबाई : तिथेच तर गोची आहे. नेहमी कळत नाही. अमेरिकेतला एक खटला सांगते, कॅसल रॉकचा. कोलोरॅडो राज्यातलं गाव. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या एका बाईने कोर्टातून त्याच्याविरुद्ध मनाई हुकूम मिळवला होता. त्या हुकुमाच्या पाठीमागे पोलिसांसाठी ठळक अक्षरांत सूचना छापलेली होती. तुम्ही हा हुकूम अमलात आणण्यासाठी सगळे वाजवी उपाय कराल, आणि हुकूम मोडल्याचं दिसलं तर अटक कराल. दोन्हीकडे शॅल. १९९९ च्या जूनमधल्या एका संध्याकाळी नवऱ्याने अंगणात खेळणाऱ्या तिन्ही मुलींना उचलून नेलं. बाईने पोलिसांना फोन केला. मग पुन्हा केला. तो मुलींना घेऊन कुठे आहे तेही सांगितलं. थोडं थांबा, येईल परत, असं उत्तर मिळत गेलं. मध्यरात्रीनंतर ती स्वतः ठाण्यावर गेली. पहाटे तीनच्या सुमाराला नवरा गाडी घेऊन ठाण्यावर आला आणि त्याने गोळीबार सुरू केला. पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला. गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह होते.

सर काही बोलले नाहीत.

वकीलबाई : तिने गावावर दावा लावला. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो फेटाळला. अटक करायची की नाही हे पोलिसांच्या तारतम्यावर असतं, ही तिथली जुनी रीत. नुसता शॅल लिहिल्याने ती रीत मोडत नाही आणि त्यातून त्या बाईला अंमलबजावणीचा हक्क मिळत नाही, असा त्याचा सारांश. आता सांगा, त्या कागदावरच्या शॅलला काय म्हणायचं?

सर : हा दोष शब्दाचा नाही. न्यायाधीशांचा.

वकीलबाई : शब्द इतका मळलेला नसता तर न्यायाधीशांना ती पळवाट सापडली नसती. आणि अमेरिकाच कशाला, आपल्याकडे या. घटनेच्या अनुच्छेद ३२० मध्ये लिहिलंय की सरकारी नोकराच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल. शॅल बी कन्सल्टेड. उत्तर प्रदेशातल्या एका कर्मचाऱ्याच्या बाबतीत तो नीट घेतला गेला नाही. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५७ साली न्यायालयाने सांगितलं, हा शॅल अनिवार्य नाही, निदेशात्मक आहे. सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही. तेव्हापासून आम्ही वकील शॅल दिसला की तो मँडेटरी की डिरेक्टरी यावर तारखाच्या तारखा घालवतो. निकालांची थप्पी आहे त्यावर. आमची पोटं चालतात, पण पक्षकाराचं काय?

सर : मग तुझं औषध काय?

वकीलबाई : मस्ट. किंवा मराठीत सांगायचं तर सरळ 'केलंच पाहिजे'. दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या राज्यघटनेत शॅल टाकून मस्ट घेतला. अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांनी दिवाणी कामकाजाचे नियम नव्या सोप्या भाषेत लिहिले, ते १ डिसेंबर २००७ पासून लागू झाले. त्यांतला शॅलही गेला, जागा बघून कुठे मस्ट आला, कुठे मे, कुठे शुड.

सर : आणि सगळं सुरळीत झालं?

वकीलबाई (जरा नाखुशीने) : एका नियमाचा घोटाळा झाला. नियम ५६. वादाचा मुद्दाच शिल्लक नसेल तर खटला पूर्ण न चालवता निकाल द्यायचा, असा तो नियम. तिथे शॅल काढून शुड घातला. मग लोक विचारायला लागले, आता निकाल देणं न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे का? मस्ट घालावा तर तो जास्तच कडक. शेवटी २०१० मध्ये त्या एका जागी शॅल परत आणून बसवला.

सरांनी या वाक्यानंतर चहाचा कप खाली ठेवला आणि दुसरा मागवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लिहीत नाही, वाचकाच्या ओळखीचा एखादा इंग्रजीचा मास्तर असेलच.

सर : म्हणजे रेघ मारलेला शब्द परत आणावा लागतो. माझा मुलगा सिव्हिल इंजिनियर आहे. त्याच्या काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकात पानोपानी शॅल आहे. स्लॅब ओतल्यावर साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायचं, हवा कोरडी आणि गरम असेल तर १० दिवसांहून कमी नाही. हे शॅलने सांगितलंय. मिश्र सिमेंटला १४ दिवसांपर्यंत वाढवा, ही मात्र शिफारस. मुकादमालासुद्धा फरक कळतो. आणि आयएसओवाले तर मानकं लिहिणाऱ्यांना बजावतात की आवश्यकता सांगायला शॅलच वापरा, त्याच्याऐवजी मस्ट घालू नका. मग तुझ्या मस्टचं काय करायचं?

वकीलबाई : कारण तिथे त्यांनी आधीच ठरवून टाकलंय सर! शॅल म्हणजे आवश्यकता, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी. शब्दाला एकच काम दिलं की तो ते करतो. आमच्याकडेही जिथे असं ठरवलं तिथे शॅल नीट चालतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचं कलम ४ घ्या. न्यायालय 'गृहीत धरू शकेल' आणि 'गृहीत धरील', मे प्रिझ्यूम आणि शॅल प्रिझ्यूम, यांत फरक काय, ते कायद्यानेच लिहून ठेवलं. पहिल्यात न्यायाधीशाला वाटलं तर तो पुरावा मागेल. दुसऱ्यात उलट सिद्ध होईपर्यंत ते सिद्धच समजायचं. आता तो कायदा जाऊन २०२३ चा साक्ष अधिनियम आला, पण हा भेद राहिला. चेक बाउन्सचं प्रकरण कधी बघितलंत? चेक देण्यामागे देणं होतं, हे न्यायालय गृहीत धरतं. नव्हतं हे दाखवायचं ओझं चेक देणाऱ्यावर. सगळा खटला त्या एका शॅलवर उभा असतो. त्याच्यावर रेघ मारायची माझी छाती नाही.

सर : मग भांडतेस कशाला?

वकीलबाई : कारण तुमच्या मसुद्यात शॅलचा अर्थ कुणी ठरवलेला नाही, आणि पुढे काय होणार तेही लिहिलेलं नाही. माहिती अधिकाराचा कायदा बघा. माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत माहिती द्यायची किंवा नाकारायची, शॅल. त्या शॅलला साहेब लोक का घाबरतात? पुढे कलम २० आहे म्हणून. विनाकारण उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, आणि ते साहेबाच्या खिशातून. क्रियापद कुठलंही घाला सर, मी आधी कागदात 'न केल्यास' शोधते. तो नसेल तर शॅल, विल, मस्ट सगळे सारखेच. आणि तुम्हाला एक सांगायचं राहिलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी पाहिजे आणि नोंदणी केलेला पाहिजे. ती जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि अटी काय होत्या यावर वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल ते खरं. तिथलाही शब्द शॅलच आहे.

सर : म्हणजे मी भाडेकरूवर घातलेले शॅल पोकळ, आणि सरकारने माझ्यावर घातलेला भरीव.

वकीलबाई : आत्ता माझ्या मनातलं बोललात.

इथे वाद मिटला असता. पण सरांच्या मनात दुसरंच काही चाललं होतं. त्यांनी कपाटातून राज्यघटनेची प्रत काढली.

सर : घटनेचा पहिलाच अनुच्छेद शॅलचा. भारत हा राज्यांचा संघ असेल. सगळीकडे शॅल, शॅल, शॅल. पण अनुच्छेद १७ वर ये. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. इज अबॉलिश्ड. शॅल बी अबॉलिश्ड नाही. व्याकरण शिकवताना मी नेहमी इथे थांबायचो. नष्ट करू, करावी, करण्यात येईल, असलं काही नाही. घटना लागू झाली आणि वाक्य वाचताक्षणीच ती गोष्ट झालेली आहे. शॅल म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, कधी?

वकीलबाई : आणि पुढच्याच वाक्यात अस्पृश्यतेतून येणारी निःसमर्थता लादणं हा कायद्यानुसार गुन्हा ठरवला. तिथे शॅल आहे, आणि बरोबर शिक्षाही आहे. तुमची व्याकरणाची मेख आणि माझी 'न केल्यास'ची मेख, दोन्ही एकाच अनुच्छेदात.

सर : आता शाळेचं बघ. मी शाळामास्तर, माझा जीव तिथे अडकलेला. सक्तीचं प्राथमिक शिक्षण. फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे मागणी केली. गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक आणलं, आणि तेही किती सौम्य! स्थानिक मंडळांना वाटलं तर त्यांनी आपल्या हद्दीत सक्ती करावी. म्हणजे तुझा मे. तोसुद्धा सरकारला आणि सरकारच्या बाजूच्या सभासदांना झेपला नाही. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

वकीलबाई : आणि कोल्हापूर?

सर : तिथेच येतोय. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड ठेवला, महिन्याला एक रुपया. त्या काळातला रुपया.

वकीलबाई : हे बघा, 'न केल्यास'.

सर : हो गं, तुझंच. तो हुकूम इंग्रजीत कुणी लिहिला असता तर शॅल घातला असता की मस्ट, याने काडीचा फरक पडला नसता. मी मान्य करतो. पण आता माझं ऐक. १९५० ला घटना आली, अनुच्छेद ४५. राज्य १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करील. शॅल एन्डेव्हर. बंधन आहे, पण कशाचं? प्रयत्नाचं. देण्याचं नाही. आणि मार्गदर्शक तत्त्वांत घातल्यामुळे त्यासाठी न्यायालयात जाताही येत नाही. एका शॅलच्या मागे एक क्रियापद वाढवलं आणि जोर गेला. म्हणून मी पोरांना सांगायचो, नुसता शॅल बघू नका, त्याच्या मागचं क्रियापद बघा. तू 'न केल्यास' शोध, मी मागचं क्रियापद शोधतो.

वकीलबाई : मी दोन्ही शोधीन. आणि सर, तुमच्या मसुद्यातही एक 'शॅल एन्डेव्हर' आहे. कलम ९. भाडेकरू फ्लॅट स्वच्छ ठेवण्याचा प्रयत्न करील.

सर : ते मी सौजन्य म्हणून लिहिलं होतं.

वकीलबाई : तिथे मी दोन रेघा मारल्यात.

करार पुढच्या आठवड्यात नोंदवला गेला. त्यात शॅल चारच ठिकाणी राहिले, चारही भाडेकरूवर, आणि प्रत्येकापुढे 'न केल्यास' आहे. राहता राहिला सरांचा अनुच्छेद ४५. त्यातली दहा वर्षांची मुदत २६ जानेवारी १९६० ला संपली. 'प्रयत्न' वगळून नुसतं 'देईल' म्हणणारा, शॅल प्रोव्हाइडचा अनुच्छेद २१-अ, ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आला आणि १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायद्याबरोबर लागू झाला. 'शॅल एन्डेव्हर'ही घटनेतून गेलेला नाही. त्याच दुरुस्तीने तो सहा वर्षांखालच्या मुलांकडे वळवला, आणि या वेळी त्याला मुदत घातलेली नाही.